ही फेरारी म्हणायची की नाही? (1962 ची ‘ब्रेडव्हॅन’)

रिकामा_गिअर
मित्राने एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ओळख बघू." लाल गाडी, नंबर 16. नाक जमिनीला टेकेल इतकं खाली, बॉनेटवर पारदर्शक फुगा आणि त्याच्या आत कार्ब्युरेटर. इथवर वाटतं, फेरारीची त्या काळातली शर्यतीची गाडी, 250 जीटीओच असणार. पण मागे छप्पर उतरायचं नावच घेत नाही. सरळ जात राहतं आणि शेवटी सुरीने कापावं तसं उभं संपतं. सकाळी दुकानांत पाव टाकत फिरणारी व्हॅन शर्यतीत उतरवावी, तसा अवतार.

ही 1962 च्या ल मान्समधली (फ्रान्समधली 24 तासांची शर्यत) ब्रेडव्हॅन. चॅसी (गाडीचा सांगाडा) नंबर 2819 जीटी. मूळची फेरारी 250 जीटी, आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी). 1961 च्या टूर द फ्रान्स मोटार शर्यतीत जांदबियाँ आणि बियांकी हिच्यावर दुसरे आले होते. पुढे ती काउंट जोव्हानी व्होल्पीच्या संघाकडे आली. व्होल्पीला खरं तर जीटीओ हव्या होत्या. पण 1961 च्या अखेरीस फेरारीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी एटीएस ही नवी कंपनी काढली आणि हे महाशय तिला पैसा पुरवायला गेले. एन्झो फेरारीने जीटीओ द्यायला साफ नकार दिला. मग व्होल्पीने बाहेर पडलेल्यांपैकीच जोत्तो बिझारिनीला गाठलं. हा माणूस आधी जीटीओवरच काम करत होता! त्याने हिचा पत्रा उतरवला आणि मोदेनात पिएरो द्रोगोच्या कारखान्यात नवी बॉडी घडवून घेतली.

माझं मत: ही शंभर टक्के फेरारी. तुम्ही काय म्हणता?

पत्रावाला
असहमत. ज्या मालकाने "तुला गाडी देणार नाही" म्हणून दार लावलं, त्याचंच नाव हिला कशाला चिकटवायचं? आकार बिझारिनीचा, पत्रा द्रोगोचा, पैसा व्होल्पीचा. फोटो दाखवल्यावर तुम्हाला दिसतं ते सगळं मारानेल्लोच्या, म्हणजे फेरारीच्या कारखान्याच्या बाहेर घडलेलं आहे. हिला ‘द्रोगो’ म्हणा.

चॅसी_नंबर_प्लीज
पत्रावाला, दिसणाऱ्या पत्र्यावरच जायचं तर त्या काळातली फेरारी शिल्लकच राहत नाही. मूळच्या 250 जीटीचं डिझाइन पिनिनफरिनाचं, बॉडी ठोकली स्कालिएत्तीने. फेरारी मुख्यतः चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स करायची, कपडे बाहेर शिवून यायचे. शिंपी बदलला म्हणून माणूस बदलतो काय?

आणि हिच्या पोटात तोच तीन लिटरचा व्ही-12 आहे. बिझारिनीने तो खाली आणि मागे सरकवला. ड्राय संप (तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवायची सोय) केल्यामुळे तेलाची टाकी इंजिनाखालून निघाली, म्हणून नाक एवढं खाली नेता आलं. सहा वेबर कार्ब्युरेटर बसवले. तो पारदर्शक फुगा शोभेचा नाही. बॉनेट इतकं खाली आलं की कार्ब्युरेटरना डोकं वर काढायला जागा हवी होती.

पत्रावाला
शिंपी कुणी ठरवला, हे सोयीस्करपणे विसरलात. पिनिनफरिना आणि स्कालिएत्तीला काम फेरारीने दिलं होतं. इथे फेरारीच्या नाकावर टिच्चून काम झालं. इंजिन सरकवलं, वंगणाची व्यवस्था बदलली, वजनाचा तोल बदलला. तुम्हीच सांगितलेली यादी वाचा, ही नुसती कपडे बदलल्याची गोष्ट आहे का? ल मान्सवाल्यांनीही हिला जीटीओंच्या पंगतीत न बसवता प्रायोगिक गटात टाकलं होतं.

धुरळा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी हेही सांगा की गाडी पळाली कशी?

रिकामा_गिअर
@धुरळा, झकास पळाली! पहिल्या काही तासांत सगळ्या जीटीओ मागे टाकून एकूण सातवी होती. चालवत होते कार्लो अबाते आणि कॉलिन डेव्हिस. चौथ्या तासाला ड्राइव्हशाफ्टने (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) दगा दिला आणि खेळ खल्लास. त्याच वर्षी पॅरिस 1000 किलोमीटरमध्ये मात्र तिसरी आली. जीटीओचा पाच गिअरचा बॉक्स हिच्या नशिबी नव्हता, जुन्या चार गिअरवरच हे सगळं.

मागची कापलेली शेपटीही बघणाऱ्याला हसू यावं म्हणून नाही. वुनिबाल्ड काम या जर्मन संशोधकाचं सूत्र असं की, छप्पर हळूहळू उतरवत आणून योग्य जागी कापलं तर लांब शेपटीचा बहुतेक फायदा मिळतो, वजन मात्र वाचतं. जीटीओलाही तशीच कापलेली शेपटी आहे. बिझारिनीने तो विचार इथे पार टोकाला नेला.

मी_इंदूरकर
आमच्या इंदूरचं उदाहरण घ्या. यशवंतराव होळकर महाराजांची 1935 ची ड्यूसेनबर्ग एसजे स्पीडस्टर. चॅसी आणि इंजिन अमेरिकेचं, नारिंगी-काळी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली. तिला आजही सगळे ड्यूसेनबर्गच म्हणतात. बॉडी कुणाची, ते त्यापुढे लिहितात. दोन्ही नावं सुखाने नांदतात, भांडण कशाला?

पत्रावाला
@मी_इंदूरकर, गाडी सुंदरच, पण ती कोऱ्या चॅसीवर पहिल्यांदाच बांधलेली. ब्रेडव्हॅनचं एक आयुष्य आधीच होऊन गेलं होतं. जुनी बॉडी काढून फेकली तिथे ती गाडी संपली, असं माझं म्हणणं.

चॅसी_नंबर_प्लीज
मग याचं उत्तर द्या. 250 जीटीई ही फेरारीचीच, चार जणांची सभ्य गाडी. पुढे लोकांनी त्यातल्या कितीतरी तोडल्या आणि वर जीटीओची बॉडी चढवली, हुबेहूब. तुमच्या हिशेबाने जुनी गाडी संपली आणि नवी जन्मली ती जीटीओ? असली घ्यायला कुणी जीटीओचे पैसे मोजेल का? पहिला प्रश्न येतो तो चॅसी नंबरचाच.

पत्रावाला
ती जीटीओ नाहीच, नक्कल आहे. ब्रेडव्हॅन कुणाची नक्कल नाही, म्हणूनच तिला स्वतःचं नाव मिळायला हवं. तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम झाली, धन्यवाद.

आरसी_बुक
आपल्याकडे हा वाद आरटीओच्या खिडकीवर दोन मिनिटांत मिटला असता. चॅसी नंबर, इंजिन नंबर, पुढचा या. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली साहेबांनी विचारलं असतं, "हे मागचं कुणाला विचारून कापलंत?"

धुरळा
@आरसी_बुक 😂😂

चॅसी_नंबर_प्लीज
@पत्रावाला, स्वतःचं नाव तिला मिळालंच आहे की, ब्रेडव्हॅन. आडनावाचं बोला. शर्यतीच्या निकालात फेरारीच लिहिलंय.

पत्रावाला
लिहिलंय खरं. व्होल्पीने बिल कुणाचं चुकतं केलं, तेही लिहा.