प्राणी-गुप्तहेरांच्या गोष्टी: पोरखेळ की वाचनाची पायरी?

सावद्याची शिक्षिका
आमच्या शाळेने पहिली-दुसरीसाठी चौदा पानांची एक गोष्ट हाताने लिहून तयार केली आहे. अंगणात वाळत घातलेली दादर ज्वारी रोज थोडी थोडी कमी होते आणि कुत्रा, खार व घुबड मिळून त्याचा छडा लावतात. काल येथे एका आजोबांनी लिहिले की हा पोरखेळ आहे, त्यापेक्षा पाठ्यपुस्तकातला धडा दहा वेळा वाचून घ्यावा. अठरा वर्षे हेच वर्ग शिकवत आल्यामुळे उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. दहा वेळा वाचलेला धडा मुलाला पाठ होतो, मग ते अक्षरांकडे न बघता घडाघडा म्हणत सुटते आणि आपण त्यालाच वाचन समजतो. माझ्या वर्गातला एक मुलगा जोडाक्षर आले की थांबून माझ्या तोंडाकडे पाहत असे. या गोष्टीच्या बाराव्या पानावर कुत्रा म्हणतो, “ठसा तर आपण आधीच पाहिला होता.” ते वाचून तो थबकला, त्या पानात बोट अडकवून मागे गेला आणि पाचव्या पानावर “बोरीच्या बुं… ध्या… पाशी” असे स्वतःच जुळवत त्याने ते वाक्य शोधून काढले. पुढे तीन बोटे आणि मागे एक, शिवाय कोंबडीच्या पायापेक्षा मोठा ठसा. लांडोर हे उत्तर त्याला तेराव्या पानाआधीच सापडले होते. मागे जाऊन वाचायला त्याला कोणीही सांगितले नव्हते.

अमळनेरचे निवृत्त मुख्याध्यापक
ते आजोबा मीच. बाई, आपल्या कळकळीबद्दल शंका नाही, पण एका मुलाच्या अनुभवावरून पद्धत ठरत नसते. बाराखडी आणि जोडाक्षरे घोटून घेण्याचा कंटाळा शिक्षकांना आला, तेव्हापासून चौथीतले मूलही काना-मात्रा गाळू लागले, हे मी नोकरीची शेवटची दहा वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे पंचतंत्रापासून प्राणी गोष्टी सांगत आले, पण ते शहाणपण सांगतात. तुमचे प्राणी संशय घ्यायला शिकवतात. माझ्या नातवाने ही गोष्ट वाचली आणि दुसऱ्याच दिवशी पेन्सिल सापडेना, तेव्हा दूध घालायला येणाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलाचे हात उघडून पाहिले. तो मुलगा रडत घरी गेला. ज्या गावात साने गुरुजींनी मुलांना शिकवले, त्या गावात मला हे पाहावे लागले.

शहाद्याचा पक्षीनिरीक्षक
मूळ वादात मला पडायचे नाही, पण सहाव्या पानावरचे “घुबड दिवसा झोपते, म्हणून त्याला काही दिसले नाही” हे वाक्य खान्देशातल्या मुलांपुढे ठेवणे मला सहन होत नाही. आमच्या सातपुड्यातला रानपिंगळा हेही एक छोटे घुबडच, पण तो दिवसाढवळ्या शिकार करतो. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता आणि तो नामशेष झाला असेच मानले जात होते. 1997 साली अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना तो शहाद्याजवळच पुन्हा दिसला.

चाळीसगावची आई
दिवसा असो की रात्री, गोष्टीत घुबड हवेच कशाला? माझ्या सासूबाईंनी ते चित्र पाहिले आणि वही घराबाहेर ठेवायला लावली. घरातल्या मोठ्यांचे मन मोडून मुलीला वाचायला बसवायचे का?

शहाद्याचा पक्षीनिरीक्षक
ताई, हेच ऐकून ऐकून मी थकलो आहे. ‘अपशकुनी’ म्हणून माझ्याच गल्लीत पिंगळ्याच्या पिलाला दगड मारणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती कोणाच्या तोंडून शिकली हेही मला ठाऊक आहे. गोष्टीत त्या पक्ष्याला एखादे चांगले काम मिळाले, तर आपल्या घरावर काय संकट येणार आहे?

चाळीसगावची आई
दगड मारणाऱ्यांच्या रांगेत मला उभे करू नका. मी घरातली अडचण सांगितली, तुम्ही थेट संस्कारांवर आलात.

सावद्याची शिक्षिका
दोघांनीही थोडे थांबावे. रानपिंगळ्याची आठवण निघाली हे बरे झाले, कारण सरांच्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. त्या पक्ष्याचा एक नमुना 1914 साली गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळाल्याची नोंद ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्त्झागेन यांनी केली होती. रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला; मूळचा तो एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात मिळवलेला होता. खोटी नोंद बाजूला सारल्यामुळेच शोध योग्य जागी पोहोचला. सर, शंका आली ती कागदावरच्या चिठ्ठीची आणि उत्तर मिळाले ते मागे जाऊन पुन्हा पाहिल्यामुळे. दूधवाल्याच्या मुलाचे वाचून मात्र मलाही वाईट वाटले. आमच्या गोष्टीत खारीवर आधी आळ येतो आणि नंतर कोणीही तिची माफी मागत नाही, ही उणीव आमची आहे आणि ती मी मान्य करते.

अमळनेरचे निवृत्त मुख्याध्यापक
माफीचे पान घालणार असाल, तर माझा निम्मा आक्षेप मी मागे घेतो. बाराखडीचा घेत नाही आणि घेणारही नाही.

सावद्याची शिक्षिका
पान घालू. सहाव्या पानावर नव्या वाक्याची चिठ्ठी चिकटवू: “घुबड जागे होते.” चाळीसगावच्या ताईंना हवी असेल, तर घुबडाच्या जागी सरडा असलेली प्रतही मी हाताने करून देईन.

अमळनेरचे निवृत्त मुख्याध्यापक
ते नवे वाक्य मी आताच नातवाला वाचून दाखवले. त्याने वही माझ्या हातातून घेतली, दोन पाने मागे गेला आणि विचारले, “घुबड जागे होते, तर त्याने पहिल्याच दिवशी लांडोरीचे नाव का नाही सांगितले?” त्याला काय सांगायचे ते कळवा, तो समोर बसून आहे.