बास: गायकाने पट्टी बदलली की मेजर स्केल अडतं

खर्जवाला_नागपूर
चार तारांचा बास गिटार, जाड तारेपासून बारीकपर्यंत ई-ए-डी-जी ट्यूनिंग. मेजर स्केलचा (सगळे शुद्ध स्वर) एकच आकार हातात बसला आहे, ई तारेवर मधल्या बोटाने सा धरून. सा जी किंवा ए असला की सगळं नीट जातं. पण ऑर्केस्ट्रात गायकाने पांढरी चार (एफ) सांगितली की सा येतो पहिल्याच फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची दांडी) आणि मागे जायला जागाच उरत नाही. दुसरं, एक सप्तक संपलं की हात थांबतो. बारा स्केल वेगवेगळी घोकायची का? शिवाय पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखर करून राहिली, ते बोटांमुळे की बासमुळे?

मध्यम_तार
घोकू नका भाऊ. पेटीवर पट्टी बदलली की बोटं बदलतात, बासवर आकार तसाच सरकतो. कारण सगळ्या तारांत अंतर एकच: सा ज्या फ्रेटवर, त्याच फ्रेटवर पुढच्या बारीक तारेवर म. सा कोणत्या बोटाखाली आहे, एवढंच पाहायचं. तर्जनी १, करंगळी ४ धरून पांढरी एकचा, म्हणजे सीचा हिशेब सांगतो.

मधल्या बोटावर सा (तुमचा आकार; ई ८ म्हणजे ई तारेवर आठवा फ्रेट): ई ८, १०, ए ७, ८, १०, डी ७, ९, १०. बोटं २-४, १-२-४, १-३-४. चार फ्रेटांत सगळं बसतं.

करंगळीवर सा: ई ८, ए ५, ७, ८, डी ५, ७, जी ४, ५. बोटं ४, १-३-४, १-३ आणि मग १-२. गोची होते ती ध वरून नि घेताना. इथे हात एक फ्रेट मागे न्यावा लागतो. नुसती तर्जनी मागे ताणली की मनगट वाकतं आणि नि चढा लागतो. अंगठ्यासकट अख्खा हात सरकवा.

तर्जनीवर सा: ए ३, ५, ७, डी ३, ५, ७, जी ४, ५. पाच फ्रेटांची फाक आहे. हा आकार दहाव्या फ्रेटच्या वर वापरा, खाली बोटं उगाच दुखवू नका.

रिकामी_तार
वरच्याशी सहमत, एक भर. ३४ इंची बासवर (तारेची वाजणारी लांबी) पहिलं घर, म्हणजे दोन फ्रेटांमधली जागा, साधारण ४८ मिमी रुंद असतं, बारावं २६ मिमीच्या आसपास. म्हणून पाचव्या फ्रेटच्या खाली ‘एका घराला एक बोट’ हा हट्ट सोडा. डबल बासवाल्यांसारखं (उभा, मोठा बास) १-२-४ घ्या, अनामिका करंगळीला मागून आधार देईल.

पांढरी चार मोकळ्या तारा (०) घेऊन करा: ई १, ३, ए ०, १, ३, डी ०, २, ३. बोटं १-४, ०-१-४, ०-२-४. हा तुमचाच आकार, फक्त तर्जनीचं काम मोकळी तार करते. आरोह सोपा आहे, गडबड अवरोहात. मोकळ्या डीवरून ए ३ वर उतरलात की डी मागे घुमत राहते आणि प खाली ध ऐकू येतो. करंगळीने प दाबताना तिचंच पोट डीला हलकं टेकवा.

दोन सप्तकांसाठी सा जी धरा, ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. तुमच्या आकाराने डी ५ पर्यंत जा, पुढचं सगळं जी तारेवर: २, ४, ५, ७, ९, ११, १२. बोटं १, मग १-२-४, मग १-३-४. म्हणजे तर्जनी फक्त २, ४ आणि ९ वर टेकते. ४ वरून ९ ची उडी चुकते, कारण नजर करंगळीवर असते. उडी घेण्याआधीच नवव्या फ्रेटकडे बघा. मेट्रोनोम ५० वर ठेवून एका ठोक्याला एक स्वर, तोंडाने सरगम म्हणत. नुसता फ्रेटचा आकडा मोजलात तर पट्टी बदलली की पुन्हा अडाल.

सेटअप_आधी
खरखरीचं: आधी बोट बघा. ते घराच्या मधोमध नको, फ्रेटच्या धातूला लागून मागे हवं. तरी खरखर असेल तर नेक (बासची मान) बघा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड सुकतं, नेक सरळ होते आणि खालचे फ्रेट वाजतात. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जुळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण ०.३ मिमी हवी, जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी.

खर्जवाला_नागपूर
कार्ड शिरतच नाही. आणि बास कूलरसमोर उभा असतो.

सेटअप_आधी
मग आधी तो तिथून हलवा. दिवसभर कोरडी हवा आणि रात्री कूलरची ओल, नेक रोज वेगळी मिळेल. दोन दिवस केसमध्ये ठेवून पुन्हा मोजा. तरी फट नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, ट्यून करा, एक रात्र जाऊ द्या आणि परत मोजा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. रॉडचा नट जड जात असेल तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.