जमिनीलगतचं पिवळं, सहा पाकळ्यांचं फूल: काळी मुसळी की हायपॉक्सिस?

आंबेबन:
संगमेश्वर तालुका, जूनचा शेवट. ऐन-किंजळाच्या विरळ रानात, गवतातच, जमिनीला जवळजवळ टेकलेलं पिवळं फूल. पाकळ्या सहा, व्यास दोनेक सेंमी. पानं वीतभर, त्यांना लांबीच्या दिशेनं घड्या, नारळाच्या कोवळ्या रोपासारखी. वनस्पती ओळखणारं ॲप एका फोटोला 'हायपॉक्सिस ऑरिया' म्हणतं, दुसऱ्याला 'काळी मुसळी'. दोन्ही फोटो वरून घेतलेत. कंद न उपटता ठरवता येईल का?

कातळसडा:
घड्यांची पानं म्हणजे काळी मुसळीच (कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस). हायपॉक्सिसची पानं गवतासारखी अरुंद, जेमतेम २ ते ६ मिमी. मुसळीची एक-दोन सेंमी तरी रुंद असतात.

दोन्ही एकाच कुळातल्या. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, पाकळ्यांच्या पाठीवर लव, सगळं सारखंच. त्यामुळे वरून काढलेल्या फोटोवर ॲप गडबडणारच. फरक आहे फुलाच्या खाली. मुसळीत देठ वाटतो तो खरा देठ नव्हे. तिचा अंडाशय पानांच्या बुडाशी मातीत असतो आणि त्याचीच लांब चोच फुलाला वर धरते. म्हणून पाकळ्यांखाली फुगीर भाग दिसत नाही. हायपॉक्सिसमध्ये बारीक, लवदार दांडा जमिनीच्या वर येतो, त्यावर एक-दोन फुलं, आणि पाकळ्यांच्या लगेच खाली अंडाशयाचा फुगवटा.

मोबाइल जमिनीला टेकवून बाजूनं फोटो घ्या. बुडाशी बोटानं थोडी माती सारा, चोच खाली जाताना दिसली की झालं. माती परत लोटून ठेवा.

हिरवीवाट:
एक भर. फोनवर पिवळा रंग जास्त उजेडानं हमखास फाटतो (नुसता पिवळा डाग उरतो), पुंकेसर दिसतच नाहीत. फुलावर टॅप करून उजेड कमी करा, मोजपट्टी शेजारी ठेवा. फूल, फुलाची पाठ, पानाचं बूड आणि पूर्ण रोप असे वेगवेगळे फोटो हवेत.

आंबेबन:
पाठीवर लव आहे, फुगवटा नाही. पण इथं काहीजण त्याला फोडशी म्हणतात?

कातळसडा:
नाही हो. फोडशी (कुलू) ही रानभाजी म्हणजे क्लोरोफायटम. तिची फुलं पांढरी, उभ्या दांड्यावर वर-वर लागतात आणि पान मऊ, बिनघड्यांचं. भाजीसाठी खुडताना फूल आलेलं नसतं, तेव्हा घड्या बघूनच वेगळं काढायचं. घडी दिसली की ते पान टोपलीत नको.

हिरवीवाट:
मुसळीची फुलं संपली तरी रोप ओळखता येतं. पानांच्या बुडाशी माती किंचित सारली की चोचीसकट फळ मिळतं, आत काळ्या चकचकीत बिया. पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर कधीकधी तिथंच नवं रोपही धरतं. आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर ठिकाण 'अस्पष्ट' ठेवा. औषधासाठी कंद खणून नेतात, आणि कंद गेला की रोप गेलं.