काळ्या तबकडीचं, कशावरही ‘जाणारं’ घड्याळ

मूळ प्रश्न

माझ्याकडे तीन मनगटी घड्याळं आहेत. आजोबांचं पांढऱ्या तबकडीचं एचएमटी ‘जनता’, बहिणीनं माझ्या लग्नात दिलेलं सोनेरी टायटन आणि रबरी पट्ट्याचं एक डिजिटल कॅसिओ. चौथं घ्यायचंय ते काळ्या तबकडीचं. कचेरीत, किल्ल्यावर, पुतण्याच्या मुंजीत, सगळीकडे तेच हातात असावं अशी इच्छा आहे.

संग्रहाची एक वही ठेवतो, प्रत्येक घड्याळाला एक पान. या चौथ्याचं पान आधीच उघडलं आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘व्हर्सटाइल’ला काय लिहू? ‘अष्टपैलू’ लिहून खोडलं, ‘बहुपयोगी’ही खोडलं. शिवाय डायलला ‘तबकडी’च म्हणावं ना? आणि काळ्या रंगाला नेमकं विशेषण कोणतं? घड्याळ सुचवलंत तर हवंच आहे, शब्द सुचवलात तर अधिक आनंद होईल.

प्रतिसाद १

तबकडी निःशंक लिहा. मूळ शब्द ‘तबक’, अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. पानसुपारीचं तबक, ओवाळणीचं तबक, आणि त्याचं लहान रूप तबकडी. जे जे सपाट, गोल आणि हाताएवढं ते ते आपण तबकडीत बसवलं: ग्रामोफोनची तबकडी, जुन्या फोनची तबकडी, आकाशातली उडती तबकडी. घड्याळाची तबकडी या घरातलीच.

‘डायल’लाही परकं मानू नका. त्याचं मूळ लॅटिन ‘दिएस’, म्हणजे दिवस. सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या यंत्रासाठी तो शब्द वापरला जाई. हे ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ एकाच प्राचीन धातूतून आलेले आहेत. मला दोन्ही शब्द आवडतात. दुकानात डायल म्हणतो, लिहिताना तबकडी.

प्रतिसाद २

‘अष्टपैलू’ खोडलंत ते योग्य केलंत. पैलू रत्नाला पाडतात, तिथून तो शब्द माणसाकडे गेला आणि माणसापाशीच राहिला. अष्टपैलू खेळाडू, अष्टपैलू कलावंत. ‘हरहुन्नरी’चंही तसंच, हुन्नर अंगात असावं लागतं. ‘बहुगुणी’ म्हटलं की मला आवळा आठवतो.

‘बहुपयोगी’ मात्र अर्थानंच चुकतं. गजर, स्टॉपवॉच, दिवा, दुसऱ्या देशाची वेळ, हे सगळं ज्यात आहे ते तुमचं कॅसिओ बहुपयोगी. तुम्हाला जे हवंय ते काम एकच करणार आहे, वेळ दाखवण्याचं. फक्त ते सगळीकडे करणार आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ मावतात. मराठीत आधी ते वेगळे करावे लागतील.

मूळ प्रश्नकर्ता

हे वेगळं करून दाखवल्याबद्दल मनापासून आभार. मग ‘कुठेही चालणारं घड्याळ’ म्हणू का?

प्रतिसाद ३

नको. ‘चालणारं घड्याळ’ म्हटलं की कुणीही विचारेल, बाकीची बंद आहेत का? शिवाय ‘चालेल’मध्ये थोडी तडजोड असते. दुसरं काही नाही म्हणून हे चालेल.

तुमचा शब्द स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत, कपाटात आहे. माझ्या आईच्या कपाटात एक साधा काळा ब्लाउज असायचा. ऐनवेळी कुठं जायचं ठरलं, साडीवरचा ब्लाउज शिवून आलेला नसला, की आई म्हणायची, “काळा काढ, तो कशावरही जातो.” जांभळी इरकल, मोरपंखी नारायणपेठ, साधी सुती, तो खरोखर कशावरही जायचा. हे ‘जाणं’ म्हणजेच तुमचं व्हर्सटाइल. ‘काळ्या तबकडीचं, कशावरही जाणारं घड्याळ.’ विशेषण शोधत बसलात म्हणून सापडलं नाही. मराठीनं हे काम क्रियापदावर सोपवलंय.

आसपासची क्रियापदंही बघा, प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ‘शोभणं’ प्रसंगाशी आणि माणसाशी बांधलेलं आहे: हे तुझ्या वयाला शोभत नाही, ही जागा त्याला शोभते. ‘खुलणं’ला विशिष्ट जोडीदार लागतो, तपकिरी चामड्याच्या पट्ट्यावर काळी तबकडी खुलते, काळ्या पट्ट्यावर ती नुसती जाते. ‘उठून दिसणं’ याच्या उलट, त्यात शेजाऱ्यावर मात आहे. तुमचं सोनेरी टायटन भरजरी कपड्यांत शोभत असेल, पण ट्रेकच्या टी-शर्टवर उठून दिसेल, आणि तिथं ती स्तुती नाही.

एक सावधगिरी बाळगा. घड्याळाच्या बाबतीत ‘जाणं’ला जुना दुसरा अर्थही आहे: ते पुढे जातं नाहीतर मागे पडतं. म्हणून ‘वर’ सोडू नका. कशावरही जातं.

आणखी एक जोडी वहीत टिपून ठेवा: ‘रोजचं’ आणि ‘ठेवणीतलं’. साड्यांची, भांड्यांची, दागिन्यांची ही विभागणी प्रत्येक घरात आहे. तुम्ही असं घड्याळ शोधताय जे रोजचं असूनही ठेवणीतल्यांच्या शेजारी बसेल.

प्रतिसाद ४

शब्दावर उत्तम चर्चा झाली, मी घड्याळावर येतो. आजोबांचं ‘जनता’ जपलंय म्हणता, तर त्याचं भावंड घ्या: एचएमटी ‘पायलट’. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला मनगटी घड्याळं करायला सुरुवात केली. जनता आणि पायलट ही दोन्ही चावीची, १७ ज्वेल्सची. ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणकं. चाकांचे बारीक आस धातूऐवजी माणकाच्या छिद्रात फिरतात, म्हणून घर्षण आणि झीज कमी.

तुमच्या विशेषणाचं उत्तरही या घड्याळात आहे. पायलटची तबकडी चकाकत नाही. ती दगडी पाटीसारखी आहे, ओल्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवलेल्या पाटीसारखी, आणि त्यावर खडूनं लिहावेत तसे पांढरे आकडे. तिला मी ‘काळीभोर’ म्हणेन. काळीभोर जमीन, काळेभोर डोळे, यात खोली आहे आणि माया आहे. झिलईच्या, आरशासारख्या तबकडीला ‘काळीकुळकुळीत’ म्हणा. ‘काळाकुट्ट’ अंधारासाठी राहू द्या. आणि जुनी तबकडी उन्हानं विटून तपकिरीकडे झुकली असेल तर ‘काळपट’.

आता सावधगिरीचं. एचएमटीची घड्याळनिर्मिती बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, त्यामुळे बाजारात जुना माल फिरतो आणि त्यात पुन्हा रंगवलेल्या तबकड्या भरपूर. संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मी स्वतः पहिलं पायलट असंच घेतलं होतं, फोटो पाहून, एका विक्रेत्याकडून, आणि फार आनंदात होतो. आमच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि मग ते माझ्या हातात दिलं. ८ या आकड्याच्या पोटातला रंग बाहेर ओघळला होता. मिनिटांच्या रेघा कडेला येऊन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. नावाची अक्षरं किंचित तिरकी. आतलं यंत्र चांगलं होतं, ते अजून चालतंय, पण फसवलं गेल्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. कारखान्यातल्या छपाईची कड भिंगाखालीही धारदार दिसते, एवढं बघूनच पैसे द्या.

नवंच हवं असेल तर नाव न बघता अंगकाठी बघा: ३६ ते ३९ मिलिमीटर व्यासाचं, पोलादी, साधी कड, काळी तबकडी, पांढरे किंवा पोलादी काटे. रोलेक्सनं १९५३ साली ‘एक्सप्लोरर’ आणलं ते ३६ मिलिमीटरचं आणि काळ्या तबकडीचं. आजही अनेक घड्याळं त्याच वळणावर जातात, आपल्या खिशाला परवडणारीसुद्धा. सीकोचं एसकेएक्स ००७, २०० मीटर खोलीपर्यंत पाणी न शिरणारं, मला मनापासून आवडतं (ते आता नवं बनत नाही), पण फिरत्या कडेचं ते पाणबुड्याचं जाड घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली जात नाही. मुंजीत अडेल.

तारखेची खिडकी असेल तर तिच्यातली चकतीही काळी आहे का पाहा. काळ्या तबकडीवर एवढासा पांढरा चौकोन दिवसभर खुपतो.

प्रतिसाद ५

जुनं घेणार असाल तर ‘रेडियम’ या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना आपल्याकडे अजून ‘रेडियमचे आकडे’ म्हणतात. गाडीच्या पाटीवर चकाकणारी अक्षरं चिकटवणाराही ‘रेडियमवाला’. या दोहोंत आज रेडियम नसतं, नावच उरलंय.

पण एके काळी ते खरंच असायचं. क्युरी दांपत्यानं १८९८ साली रेडियम शोधलं आणि काही वर्षांतच ते घड्याळाच्या रंगात आलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली तबकड्यांवर आकडे रंगवत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यांची हाडं झिजली, जबडे गळले, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीविरुद्ध दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. हे वाचल्यापासून मी ‘रेडियम’ हा शब्द सहज वापरू शकत नाही. ‘चमकते आकडे’ म्हणते.

व्यवहाराची गोष्ट अशी: रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. आकडे चमकायचे थांबतात, कारण रंगातलं जस्ताचं संयुग थकतं. रेडियम तसंच राहतं. म्हणून फार जुन्या, तपकिरी पडलेल्या चमकत्या आकड्यांचं घड्याळ घरी उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

प्रतिसाद ६

मुंजीत काळं चालेल का, ही शंका कुणीतरी काढेलच, म्हणून लिहितो. संक्रांतीची चंद्रकळा काळी, मंगळसूत्राचे मणी काळे. बिनधास्त घाला.

मूळ प्रश्नकर्ता

घड्याळ घेतलं. पायलटच, भिंग लावून, आठाचं पोट तपासून. सोबत दोन पट्टे आणले, तपकिरी चामड्याचा आणि एक कापडी. चामड्यावर खुलतं, कापडीवर जातं, हा फरक आता डोळ्यांना दिसायला लागलाय.

वहीत असं लिहिलंय: ‘एचएमटी पायलट. चावीचं. तबकडी काळीभोर. रोजचं. कशावरही जातं.’

काल रात्री चावी देताना आजोबांचं जनता शेजारी ठेवलं होतं. दोन्ही एकदमच लावली. सकाळपर्यंत पायलट अर्ध्या मिनिटानं पुढे गेलं होतं, तेव्हा हे दुसरं ‘जाणं’ही पानावर टिपून ठेवलंय.