केळुसकर गुरुजी आणि चर्नी रोडची बाग

शिक्षकांच्या नुसत्या शाबासकीने काय होतं, गरीब मुलाला पैसा लागतो, असं बरेचदा म्हटलं जातं. पैसा लागतोच. पण तो मिळवून द्यायलाही आधी कुणाचं तरी त्या मुलाकडे लक्ष जावं लागतं. म्हणून मला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आठवतात.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नाही, म्हणून भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक केळुसकरही तिथे यायचे. रोज पुस्तकात डोकं घातलेला मुलगा दिसला, तेव्हा त्यांनी आपणहून चौकशी केली. पुढे वाचायला पुस्तकं दिली. (शाळेत ज्याला शिवाशिवीपायी वेगळं बसावं लागलं होतं, त्याला एका मोठ्या माणसाने असं आपुलकीनं विचारणं किती मोलाचं असेल!) १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कार सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं.

कॉलेजातल्या इंटरच्या परीक्षेनंतर घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. तेव्हा केळुसकर त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी. ए., १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ.

बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचेच, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. केळुसकर तर साधे शाळामास्तर. त्यांनी ओळख वापरली, शब्द टाकला आणि कौतुकावर न थांबता पुढची वाट मोकळी होईपर्यंत पाठपुरावा केला. आपल्या शाळांमधून मला नेमकं हेच हवं आहे.