व्हिममधील सेटिंग टिकवण्याबाबत

व्हिम या मजकूर संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये ‘सेट नंबर’ ही आज्ञा दिल्यावर दिसणारे ओळींचे क्रमांक तो पुन्हा उघडताच नाहीसे होतात, अशी एका वापरकर्त्याची तक्रार आहे. हा दोष नव्हे. कोलन देऊन टंकलेली सेटिंग त्या सत्रापुरतीच असते. तीच ओळ होम फोल्डरमधील ‘.व्हिमआरसी’ या फाइलमध्ये (विंडोजवर सहसा आरंभी टिंबाऐवजी अंडरस्कोर असतो) लिहून ठेवल्यास व्हिम ती दर वेळी सुरू होताना वाचतो. मात्र यात एक मेख आहे, जिने मलाही चकवले होते: २०१६ च्या ८.० आवृत्तीपासून, स्वतःची फाइल नसलेल्यांसाठी व्हिम ‘डिफॉल्ट्स.व्हिम’ ही त्याच्यासोबतच येणारी मूळ सेटिंगची फाइल वाचतो आणि आपली फाइल तयार होताच ते वाचणे थांबवतो, त्यामुळे कोडमधील रंग अचानक गेल्यास आपल्या फाइलच्या आरंभी ‘सोर्स’ या आज्ञेने ती मूळ फाइल जोडून घ्यावी.