शान-नोस: सुरुवात कुणापासून करावी

शान-नोस म्हणजे वाद्यांच्या साथीशिवाय गायचं पारंपरिक आयरिश गाणं. ते एकसुरी वाटतं, असं कुणीकुणी म्हणतं. आधी जो हीनी हा गायक ऐका. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारातल्या कार्ना गावचा, जन्म १९१९चा. न्यूयॉर्कमध्ये दरवान होता, पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात गाणं शिकवलं. त्याच्याकडे ठेका शोधत बसू नका, चाल शब्दांच्या मागून जाते. एखाद्या स्वराभोवती बारीकशी हरकत येते आणि पुढच्या कडव्यात तीच जागा तो वेगळी घेतो. मजा सगळी तिथेच आहे! मग वॉटरफर्डकडचा निकोलास टोबिन: आवाज मोकळा, बाजच निराळा. कॉर्ककडच्या बेस क्रोनिन या गायिकेचं ध्वनिमुद्रण लोकगीतं गोळा करणाऱ्या अमेरिकन अ‍ॅलन लोमॅक्सने १९५१मध्ये केलंय, तेही ऐका. फक्त भांडी घासता घासता नको, हरकती निसटतात.